हात थांबेपर्यंत

म्हातारी पडली आणि मला राग आला नाही. चंद्रपूरच्या बसस्टँडबाहेर मूलकडे जाणारी काळी-पिवळी जीप भरत होती. म्हातारीचा एक पाय पायरीवर, दुसरा अजून रस्त्यावर, आणि ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली. ती कुल्ह्यावर आपटली, पिशवीतली वांगी रस्त्यावर घरंगळली, आणि ड्रायव्हर खिडकीतून मागे बघत म्हणाला की असल्या बुढ्यांना घरचे एकटं पाठवतातच कशाला. आत बसलेले दोघे-चौघे हसले. मी इतकी जवळ उभी होते की हात लांबवला असता तर त्याची कॉलर मुठीत आली असती. मी वाट बघितली. माझ्या पोटातून काहीतरी गरम वर चढतं, गळ्याशी येतं, कान वाजायला लागतात आणि मग माझं तोंड सुटतं. त्याची वाट बघत मी उभी राहिले. ते आलंच नाही. मी खाली वाकले, वांगी गोळा केली, म्हातारीला उठवलं, पदराने तिच्या कोपराची माती पुसली. "लय गुणाची हायेस माय," ती म्हणाली. जीप तोवर निघून गेली होती. मला आजवर कुणी गुणाची म्हटलं नव्हतं. भद्रावतीच्या बसमध्ये बसले तेव्हा माझे तळहात गार पडलेले होते. पौषातली थंडी होती खरी, पण ते गारठणं थंडीचं नव्हतं.

त्या दिवशी मी डॉक्टर दिव्यानींकडूनच परत येत होते. माझ्याहून लहान आहेत, बोलतात गोड. दिवाळीच्या आधी माझा नवरा अजय मला पहिल्यांदा त्यांच्याकडे घेऊन गेला तेव्हा मी नोकरीतून निलंबित होऊन घरी बसले होते. वजन उतरत होतं, डोळे मोठे दिसायला लागले होते, चहाचा कप बशीवर वाजायचा. घरच्यांनी त्याला टेन्शन असं नाव देऊन टाकलं होतं. डॉक्टरांनी मला हात समोर धरायला लावले आणि पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा हलत होता. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी समजावलं, की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त रस सोडते आहे. त्या रसाने काळीज धावतं, झोप उडते, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि मेंदूत राग-भीतीचं जे बदामाएवढं ठाणं आहे ते चोवीस तास जागं राहतं. "तुम्ही फार चिडता का?" त्यांनी विचारलं. अजय पटकन हो म्हणाला आणि मग आपल्या चपलांकडे बघत बसला. गोळ्या दोन होत्या. एक ग्रंथीला लगाम घालणारी, तिचा गुण यायला महिना-दीड महिना लागतो. दुसरी काळजाची धडधड आणि हाताची थरथर थांबवणारी, ती तासाभरात लागू पडते. मी विचारलं, हे कधीपासून असेल? त्या म्हणाल्या, दोन वर्षं, तीन वर्षं, नक्की सांगता येत नाही. मग त्याआधीचा राग कुणाचा? त्या हसल्या. म्हणाल्या, तेवढं रक्तात दिसत नाही. काही स्वभाव असतो, काही आईबापाकडून येतं, आणि पुष्कळदा हा आजारही घराण्यातूनच येतो. तुमच्याकडे कुणाला होता का?

मला ठमाबाई आठवली. माझ्या बापाची बहीण. सिंदेवाहीकडे आमचं गाव, धानाचं. ठमाबाई दोन गड्यांचं जेवायची आणि काडीसारखी राहायची. पौषात सगळे शेकोटीला चिकटलेले असायचे आणि ती अंगणात उघड्या खाटेवर झोपायची, घोंगडी पायाखाली लाथाडून. गळा पुढे आलेला, डोळे मोठे, बघितलं की पोरं रडायची. रोवणीच्या चिखलात सगळ्या बाया पाठ धरून उभ्या राहायच्या तेव्हा ही रांगेच्या पुढे निघून गेलेली. लोक म्हणायचे, तिच्या पोटात इस्तो आहे, धगधगता विस्तव. एका साली गावच्या तलावाचं पाणी वरच्या बांध्यांना सोडलं आणि खालच्यांचं तोंड बंद केलं. खालची शेतं आमच्यासारख्यांची. बापेमाणसं नुसती बांधावर बसून तंबाखू मळत होती. ठमाबाई जाऊन पाटात बसली, भर पाण्यात, आणि ज्यांनी तोंड बंद केलं होतं त्यांच्या सात पिढ्या तिने बसल्या बसल्या उद्धरल्या. संध्याकाळी पाणी खाली आलं. एरवी गाव तिला भांडखोर म्हणायचं, चार हात लांब राहायचं, पण कुठे काही अडलं की सकाळी सकाळी दारात उभं असायचं. चाल ठमाबाई. ती मेली तेव्हा मी लहान होते. शेवटी तिचं काळीज इतकं उडायचं की अंगावरचं लुगडं हलताना दिसायचं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं बाईमाणसाने इतका राग करू नये. आज वाटतं, तिला कुणी या दोन गोळ्या दिल्या असत्या तर ती म्हातारी होऊन मेली असती. आणि खालची शेतं त्या साली वाळून गेली असती. दोन्ही खरं आहे. डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं, की आत्या होती, तिला असावा.

दिवाळीनंतर गोळ्या लागू पडल्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये शांतता आली. अजय भद्रावतीच्या आयुध निर्माणीत आहे, कॉलनीत राहतो आम्ही. मी वर्षातले बहुतेक महिने भामरागडकडे आश्रमशाळेत अधीक्षिका म्हणून, तो इकडे. मी सुट्टीत आले की भिंती ऐकतात अशी आमची ख्याती. आता शेजारच्या आशाबाई दारात उभ्या राहून म्हणायला लागल्या की सुगंधा किती बदलली. अजय ड्युटीवरून आला की पूर्वी आधी माझ्या तोंडाकडे बघायचा, आभाळाचा अंदाज घ्यावा तसा; आता सरळ आत यायचा. एकदा भात करपला. मी म्हटलं असू दे, खिचडी टाकते. तो इतका वेळ माझ्याकडे बघत राहिला की मलाच लाज वाटली. तो सुखात होता. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. माझं त्याच्यावर प्रेम आहे आणि इतक्या वर्षांत त्याला असा सैल बसलेला मी बघितला नव्हता. म्हणूनच तो आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांना भेटून आला, आपण होऊन. माझ्या निलंबनाची चौकशी जानेवारीत गडचिरोलीला लागणार होती. त्याने सांगितलं, बायको आजारी होती, आता बरी आहे. सचिव विरघळले. म्हणाले, मॅडमनी समितीसमोर तेवढंच सांगावं, की आजारामुळे माझा माझ्यावर ताबा नव्हता. मुख्याध्यापकही ताणणार नाहीत, पोलिसातली तक्रार मागे घेऊ, जूनपासून रुजू व्हा. अजयने हे मला सांगितलं तेव्हा त्याच्या हातात माझ्यासाठी आणलेली संत्री होती. खोटं काय त्यात, तो म्हणाला, रिपोर्टच आहे. खरंच होतं. खोटं त्यात काहीच नव्हतं. मी त्याच्या हातातली संत्री घेऊन आत ठेवली.

ताबा नव्हता. मी हे वाक्य भांडी घासताना मनात म्हणून बघायची. ते गुळगुळीत होतं, घशाखाली सहज उतरायचं. पण ते उतरलं की त्याच्यामागून बाकीचंही सगळं उतरून जायचं. बाईचा ताबा नव्हता, म्हणजे बाई उगाच भडकली. उगाच भडकली, म्हणजे भडकण्यासारखं काही झालं नव्हतं. झालं नव्हतं, म्हणजे बुधरीला वेळेवर नेलं नाही हेही झालं नव्हतं.

बुधरी आमच्या आश्रमशाळेत चौथीत होती. पायाला भिंगरी. झाडावर, छपरावर, स्वयंपाकघराच्या लाकडांच्या ढिगावर, जिथे नको तिथे. तिची एक खोड होती. कुणाजवळ उभी राहिली की गपचूप त्याच्या कपड्याचं टोक कशाला तरी बांधून ठेवायची. माझा पदर खुर्चीला, शाळेत पडेल ते काम करणारे कामाठी मुखरूभाऊ, त्यांचा दुपट्टा खिडकीच्या गजाला. पंधरा ऑगस्टला मुख्याध्यापकांना शाल पांघरली, ते भाषणाला उठले आणि शाल टेबलाच्या पायालाच राहिली. तिची बोटं इतकी हलकी की गाठ बसेपर्यंत कळायचं नाही. मी तिचा कान पिळायचे, नाही नाही ते बोलायचे आणि माझ्या खोलीत जाऊन एकटी हसायचे. त्याच महिन्यात पर्लकोटा नदीला पूर होता, भामरागडकडचा रस्ता कधी चालू कधी बंद. बुधरी तापली. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, गाडी द्या, दवाखान्यात नेते. ते म्हणाले, उद्या बघू, गोळी द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. त्या दिवशी पाणी उतरलेलं होतं, रस्ता चालू होता. ते म्हणाले, रस्ता सुरू आहे तर सचिव येणार, त्यांना आणायला गाडी लागेल. सचिव आले नाहीत. गाडी दिवसभर शेडमध्ये उभी होती आणि किल्ली त्यांच्या कपाटात. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाणी चढलं आणि दुपारी, पोरं जेवत असताना, बुधरीला झटका आला. तोंडातला भात बाहेर आला, डोळे वर गेले. मी ऑफिसात गेले. त्यांनी मान वर न करता म्हटलं, मॅडम, आता तर पूलही बुडाला. आणि माझा हात उठला. मी उठवला, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. डॉक्टर दिव्यानींच्या खोलीत पहिल्यांदा वाटलं, की उठला. चष्मा उडाला त्यांचा. मी कपाट उघडून किल्ली घेतली. मुखरूभाऊंनी गाडी पाण्यापर्यंत नेली आणि तिथून आम्ही पोरीला डोंग्यात घातलं. एका लाकडाचा तो कोरलेला डोंगा, खाली लाल पाणी, वाहून येणारी झाडं, मांडीवर तापलेली पोर, आणि मला भीती वाटत नव्हती. त्या वेळी मला ते धैर्य वाटलं होतं. आता कळत नाही. डोंगा उलटला असता तर? शहाणी बाई त्या पाण्यात उतरली असती का? पोर वाचली. मेंदूपर्यंत चढलेला मलेरिया, गडचिरोलीचे डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी आणली असती तर बरं झालं असतं. मला निलंबनाचा कागद मिळाला तेव्हा ती अजून शुद्धीवर आली नव्हती. पुढे मुखरूभाऊंनी फोनवर सांगितलं की बरी होऊन घरी गेली. मी देवाचे आभार मानले आणि त्यापुढे काही विचारलं नाही.

वांगी गोळा करून घरी आले त्या संध्याकाळी मी ठरवलं. चौकशीला ही गुणाची बाई गेली तर ती हो म्हणून येईल. ती वाईट नव्हती, पण तिला काही लागत नव्हतं, ना म्हातारीचं पडणं ना पोरीचे वर गेलेले डोळे. तिला सगळं आठवत होतं, एखाद्या दुसरीची हकीकत आठवावी तसं. तिथे ठमाबाई जायला हवी होती. मी दोन्ही गोळ्या बंद केल्या. अजयसमोर तोंडात टाकायची आणि स्वयंपाकघरात जाऊन थुंकायची, मोहरीच्या डब्यात तळाशी ठेवायची. हा वेडेपणा होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, की मध्येच सोडल्या तर काळीज असं भडकेल की दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळणार नाही. पण भीती वाटायलाही काहीतरी जागं असावं लागतं. दिवस गेले आणि एका सकाळी नळाचं पाणी अंगावर गार लागेना. मला आनंद झाला. मग भूक आली. मग पोळी लाटताना लाटणं वाजू लागलं. झोप गेली, अंगावरची रजई गेली. कॉलनीतला एक पोरगा झाडाला दगड मारत होता, त्याला मी अशी ओरडले की आशाबाई बाहेर आल्या आणि पुन्हा आत गेल्या. आरशात बघितलं तर डोळे तिचे होते, ठमाबाईचे. ये, मी म्हटलं. पण सोबत जे आलं ते मी विसरले होते. आडवी झाले की काळीज कानात वाजायचं. जिना चढताना गुडघे जायचे. कधी कधी वाटायचं, छातीत एक दार आहे आणि कुणीतरी आतून धडका मारतं आहे, आणि ते उघडलं तर बाहेर येणारं माझ्या ओळखीचं असेलच असं नाही. अजय एकदा माझा हात हातात घेऊन बसला. बराच वेळ. हात त्याच्या मुठीत धडधडत होता.

"तू गोळ्या घेऊन राह्यली ना?"

मी हो म्हटलं. त्याने हात सोडला नाही. तो पुन्हा माझ्या तोंडाकडे बघून घरात यायला लागला होता.

गडचिरोलीला आम्ही एसटीने गेलो. मूल, सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल. सगळीकडे धान कापून झालेलं, नुसती खुंटं. बसमध्ये मी मनात बोलत होते, एकेक वाक्य धार लावून ठेवत होते. अजयने वाटेत एकदाच म्हटलं, बोलून मोकळी हो आणि घरी चल. काय बोलून, ते तो म्हणाला नाही. त्याला व्हरांड्यात बाकावर बसवून मी आत गेले. समितीचे तिघे होते. अध्यक्ष निवृत्त अधिकारी, पश्चिमेकडचं मराठी बोलणारे, चेहऱ्याने सज्जन. मुख्याध्यापक बाजूच्या खुर्चीवर, नवा चष्मा. अध्यक्षांनी मला पाणी विचारलं, बसा म्हटलं, आणि म्हणाले की आजारपण कुणालाही येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या वेळी तुमचा स्वतःवर ताबा नव्हता, एवढं सांगितलंत तरी पुरे. मी ग्लास उचलला. पाणी टेबलावर सांडलं. आणि मग ते आलं. पोटातून, गळ्याशी, कानात. मी बोलायला लागले, आणि पहिल्या दोन वाक्यांतच मला कळलं की मी चुकले. ठमाबाईचा राग पाटात जाऊन बसायचा. माझा कुठे बसेना. तो सांडलेल्या पाण्यावर गेला, अध्यक्षांच्या पेनावर गेला, मुख्याध्यापकांच्या नव्या चष्म्यावर गेला, त्यांच्या बायकोच्या मोपेडवर गेला. मी किल्लीचं सांगायच्या आधी भाजीतल्या अळ्यांचं सांगितलं. बुधरीचं नाव यायला पाहिजे होतं ते येईना. घाम गळ्यावरून ब्लाउजमध्ये उतरत होता. मुख्याध्यापक मान हलवत होते, अगदी दुःखाने.

"बघताच आहात आपण," ते समितीला म्हणाले.

मी थांबले. दम लागला होता. त्या क्षणी कुणी ते गुळगुळीत वाक्य समोर धरलं असतं तर मी म्हणून टाकलं असतं, खरंच सांगते. हो, नव्हता ताबा. आताही नाही. जाऊ द्या मला घरी. पण मुख्याध्यापकांना तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. ते म्हणाले, मुलीला काही इजा झाली असती तर गोष्ट वेगळी. मुलगी ठणठणीत आहे, आम्ही मुद्दाम आणली आहे, आईसकट. त्यांनी दाराकडे हात केला. मुखरूभाऊ तिला घेऊन आत आले. ते गाडी चालवत आले होते, तीच गाडी.

बुधरी वाढली होती थोडी. केसांना तेल, शाळेचा नवा फ्रॉक. मुखरूभाऊंनी खुर्चीवर बसवलं, ती बसली. हात मांडीवर. अध्यक्षांनी नाव विचारलं, तिने सांगितलं. जेवतेस का, हो. शाळा आवडते का, हो. डोळे टेबलावरच्या सांडलेल्या पाण्याकडे होते, पण बोट काही त्या पाण्यात गेलं नाही. तिच्या समोर पेपरवेट होता, काचेचा, आत रंगीत फूल असलेला. तोही जागचा हलला नाही. "किती शांत मुलगी आहे," अध्यक्ष म्हणाले, मनापासून. मुख्याध्यापक म्हणाले, आता फार शहाणी झाली, आधी फार त्रास द्यायची. मागे भिंतीशी तिची आई उभी होती. ती त्यांच्या माडिया बोलीत काहीतरी म्हणाली, हळू, एकदाच. अध्यक्षांनी मुखरूभाऊंकडे बघितलं. मुखरूभाऊंनी मुख्याध्यापकांकडे. मला वाटलं ते सांगणार नाहीत. त्यांच्या नोकरीची दोन वर्षं राहिलीत. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा हातात घेतला.

"ती म्हणून राह्यली, घरीबी अशीच बसते. जिथी बसवलं तिथी. शेळ्या शेतात शिरल्या तरी उठत नाई. म्हणते, पोरगी दवाखान्यात देल्ली ते एक होती, वापस देल्ली ते दुसरीच हाये."

मी बुधरीकडे बघत होते आणि मला माझं क्वार्टर दिसत होतं, करपलेला भात, असू दे म्हणणारी बाई, दारात उभ्या राहून कौतुक करणाऱ्या आशाबाई. शांत झाली म्हणजे बरी झाली. मला गोळीने शांत केलं, तिला तापाने. माझी गोळी मी थुंकू शकत होते. तिने काय थुंकायचं? मी उठून दाराशी गेले आणि व्हरांड्यात बसलेल्या अजयला म्हटलं, दवाखान्यातून गोळी आणता येते का बघ, हाताची. त्याने शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं. माझं नाव लिहिलेलं, दोन्ही गोळ्यांचं. तो ते घेऊनच आला होता. कदाचित रोज घेऊन फिरत होता. मोहरीच्या डब्याबद्दल तो कधी काही बोलला नाही, आजही बोलला नाही.

मी आत आले आणि समितीच्या ग्लासात उरलेल्या पाण्याने दोन्ही गोळ्या घेतल्या, सगळ्यांसमोर.

"तासाभरानं हात थांबन," मी अध्यक्षांना म्हटलं. "तोवर थांबा. मंग पुन्हा इचारा."

मुख्याध्यापक काही बोलायला गेले. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, मग बुधरीकडे बघितलं, आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

व्हरांड्यात मी बुधरीला शेजारी घेऊन बसले. अजय पलीकडे, तिची आई खाली पायरीवर. समोर आवारात ट्रक उभे होते, माणसं टपरीवर चहा पीत होती. काळीज हळूहळू कानातून उतरलं, गळ्यातून उतरलं, छातीत आलं आणि तिथे राहिलं. बोटांकडे बघत होते मी. आधी अंगठा थांबला. मग मी पदर सोडला. जाणून सोडला, दोघींच्या मध्ये, तिच्या हाताशी, बाकाच्या फळीला जिथे फट होती तिथे. पूर्वीची असती तर डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ बसली असती आणि मी उठताना अडकले असते. मी समोर बघत राहिले. मान वळवायची नाही असं ठरवलं होतं. पदराला हलकीशी ओढ बसली. मी तसं खूप वेळ बसू शकले असते, नुसत्या त्या ओढीवर. मग मी बघितलं. बुधरीने पदराचं टोक दोन्ही हातांनी धरलं होतं. तिने त्याची नीट घडी घातली, कडेला कड लावून, आणि ती घडी माझ्या मांडीवर ठेवली. हात परत तिच्या मांडीवर गेले.

मला राग आला. पोटातून वर चढला नाही, कान वाजले नाहीत, घाम आला नाही. तो नुसता तिथे होता, स्वच्छ, बांधावर माणूस उभा असावा तसा, आणि त्याला कुठे जायचं ते माहीत होतं. मी माझे हात बघितले. हलत नव्हते.

आत बोलावणं आलं तेव्हा मी बसले नाही. टेबलाजवळ उभी राहिले, उजवा हात समोर धरला, बोटं पसरली आणि अध्यक्षांना म्हटलं, एक कोरा कागद ठेवा यावर. त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ठेवला. वर पंखा बंद होता. सगळे कागदाकडे बघत होते, मुख्याध्यापकसुद्धा. कागद हलला नाही.

"मारलं मी, साहेब. तवा मी आजारी होती, हे बी लिवा. नोकरी ठेवाची तर ठेवा, नाई तर नका ठेवू. पण पोरीले ताप माझ्या थायरॉइडनं नोता आला. गाडी शेडमंधी उभी होती, तिची किल्ली माझ्या मेंदूत नोती." मी कागद त्यांच्या समोर ठेवला. "आता पयल्या दिवसापासून लिवा."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मी बुधरीच्या पहिल्या तापापासून सुरुवात केली, सावकाश, त्यांना लिहिता येईल इतक्या बेताने.